नव्वद दिवसांची नोटीस कमी कशी करून घ्यायची

पहिली नोकरी सोडताना मी एक घोडचूक केली. नव्या कंपनीच्या एचआरने फोनवर विचारलं, 'नोटीस किती?' म्हणजे राजीनामा दिल्यावर जुन्या कंपनीत अजून किती दिवस काम करावं लागणार. माझ्या नेमणूकपत्रात नव्वद दिवस होते. मी म्हणालो, 'तीस दिवसांत येतो, मॅनेज करतो.' ते 'मॅनेज करतो' मला पुढे दोन महिने पुरलं. मॅनेजर ऐकेना, नव्या कंपनीने जॉइनिंगची तारीख एकदा पुढे ढकलली, दुसऱ्यांदा ढकलताना आवाज बदलला, आणि शेवटी पगार कापून घेऊन मी अडुसष्टाव्या दिवशी बाहेर पडलो. दुसऱ्या वेळी बावन्न दिवसांत सुटलो, तेही हसतखेळत. दोन्ही वेळा मी तोच होतो आणि करारही तितक्याच दिवसांचा होता. फरक पडला तो आधीच्या तयारीने.

पुण्या-मुंबईच्या आयटीत नव्वद दिवसांची नोटीस आता सर्रास असते. पहिल्यांदा पेपर टाकणाऱ्यांना, म्हणजे राजीनामा देणाऱ्यांना, वाटतं की एक तर ती पूर्ण भरायची, नाहीतर एचआरकडे जाऊन हात जोडायचे. पण बहुतेक ठिकाणी सोडायचं की नाही हे एचआर ठरवत नाही, मॅनेजर ठरवतो. आणि त्याच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: हा गेल्यावर याचं काम कोण बघणार? त्याचं उत्तर तारखांसकट लिहून नेलंत तर निम्मं काम तिथेच होतं. बाकीचं निम्मं खाली सांगतो, साधारण ज्या क्रमाने करायचं त्याच क्रमाने.

पहिलं काम: नेमणूकपत्र नीट वाचा

ऑफर लेटर नव्हे, नेमणूकपत्र. आणि नंतर मिळालेलं प्रमोशनचं पत्रही, कारण पुष्कळदा नोटीस त्यातच वाढवलेली असते. तीस दिवसांवर लागलेला माणूस सिनियर झाला की नव्वदवर गेलेला असतो आणि त्याला त्याचा पत्ताच नसतो. प्रोबेशनवर असाल तर नोटीस बहुधा पंधरा किंवा तीस दिवसांचीच असते. मग हा लेख पुढे वाचायची गरजही पडणार नाही.

वाचताना बघायचं ते असं. दिवस कॅलेंडरचे की कामाचे? नोटिशीऐवजी पैसे भरून सुटण्याची मुभा तुम्हाला आहे, की 'कंपनीच्या मर्जीनुसार' असे शब्द आहेत? ते शब्द असतील तर पैसे पुढे केले तरी कंपनी नाही म्हणू शकते. न भरलेल्या दिवसांची कपात बेसिकवर (मूळ पगारावर) होणार की ग्रॉसवर (भत्ते धरून एकूण पगारावर)? शिल्लक रजा नोटिशीत वळती होते का, म्हणजे रजेचे दिवस नोटिशीचे दिवस म्हणून धरतात का? नोटीस काळात घेतलेल्या सुट्टीने शेवटची तारीख पुढे जाते का?

बेसिक की ग्रॉस याला किती महत्त्व आहे ते आकड्यांत बघा. समजा ग्रॉस महिना १,००,००० आणि त्यात बेसिक ४०,०००. नव्वदपैकी पंचेचाळीस दिवस भरायचे राहिले. बेसिकवर कपात झाली तर ६०,००० रुपये जातात, ग्रॉसवर झाली तर १,५०,०००. आता तुमची २० दिवसांची रजा शिल्लक आहे असं धरू. बऱ्याच ठिकाणी रजेचे पैसे बेसिकवर देतात, म्हणजे २० दिवसांचे सुमारे २६,६६७. पण तीच रजा नोटिशीत वळती करून घेतली आणि कपात ग्रॉसवर असली, तर वाचतात ६६,६६७. म्हणून रजेचे पैसे मागण्याआधी रजा वळती करून मागा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामगाराला अर्जित रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते, तेव्हा जुन्या माणसाकडे हा साठा बऱ्यापैकी असतो. शेवटच्या वर्षात उगाच उडवू नका.

ही सगळी कागदपत्रं, पगाराच्या स्लिपा, रजेच्या शिलकीचा स्क्रीनशॉट आपल्या वैयक्तिक मेलवर आधीच घेऊन ठेवा. पेपर टाकल्यावर कंपनीच्या एचआर पोर्टलचा अॅक्सेस कधी जाईल याचा नेम नसतो. मात्र फक्त स्वतःचीच कागदं. प्रोजेक्टची एकही फाइल बाहेर पाठवू नका. त्यावरून सगळंच अंगाशी येतं.

दुसरं: आधी नव्या कंपनीशी बोला

नोटिशीची खरी घासाघीस इथे सुरू होते. मी पहिल्या वेळी हेच उलटं केलं होतं.

सही असलेलं ऑफर लेटर हातात आल्याशिवाय पेपर टाकायचा नाही, हे कुणीही सांगेल. पण त्यासोबत आणखी एक धरा: स्वतःहून दिवस कमी सांगायचे नाहीत. 'करारात नव्वद आहेत. साठच्या आत सुटण्याचा प्रयत्न करेन, पण तारीख मॅनेजरशी बोलल्यावरच सांगेन,' एवढं वाक्य पुरतं. समोरचा नाराज होत नाही. 'लगेच जॉइन होणारे' हवेत असं जाहिरातीत लिहिलं असलं तरी नव्वद दिवसांवाले रोज भेटतात हे त्यांनाही ठाऊक असतं.

मग विचारा, बायआउट देता का? म्हणजे जुन्या कंपनीने कापलेले पैसे नवी कंपनी भरून देते का. 'हो' म्हणाले तर ते ऑफर लेटरमध्ये किंवा निदान मेलवर आलं पाहिजे, रकमेच्या मर्यादेसह. तोंडी 'होऊन जाईल'वर विसंबू नका. दोन बारकावे लक्षात ठेवा. ही भरपाई नव्या कंपनीकडून मिळणारं करपात्र उत्पन्न धरली जाते, म्हणून दीड लाख लिहिले असले तरी हातात दीड लाख पडत नाहीत. आणि बहुतेक वेळा अट असते की वर्षाच्या आत सोडलंत तर हे पैसे परत. जुन्या कंपनीने कापलेली रक्कम तुमच्या करपात्र पगारातून वजा धरायची की नाही, यावर आयकर न्यायाधिकरणापर्यंत वाद गेलेले आहेत. तेव्हा रक्कम मोठी असेल तर रिटर्न भरताना सीएला विचारा.

तिसरं: आपण कुठे उभे आहोत ते ओळखा

बेंचवर असाल, म्हणजे सध्या हातात प्रोजेक्ट नसेल, तर फार घासाघीस करावी लागत नाही. कंपनीला तुमचा पगार लवकर वाचवायचाच असतो, मागाल त्या तारखेला सोडतील. तुमच्या कामाच्या तासांचे पैसे कंपनी क्लायंटकडून घेत असेल तर मात्र मॅनेजरला ते बिलिंग जाण्याची आणि बॅकफिल (तुमच्या जागी दुसरा माणूस) न मिळण्याची धास्ती असते. टीममध्ये तुमचं काम जाणणारं दुसरं कुणी आहे का, तिमाही संपायला किती अवकाश आहे, मोठा रिलीज कधी आहे, हे बघून पेपरचा दिवस निवडा. रिलीजच्या आदल्या आठवड्यात पेपर टाकणारा माणूस नोटीस कमी करून मागायला गेला तर त्याला काय ऐकावं लागतं ते मी बघितलंय.

आणि गणपतीच्या आठवड्यात केटी (आपलं काम दुसऱ्याला शिकवून देणं) ठरवू नका. निम्मी टीम कोकणात असते.

चौथं: हँडओव्हरचा (काम सोपवण्याचा) कागद

याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगतो, कारण पुढची सगळी बोलणी या एका कागदावर उभी असते. साधी एक्सेल शीट. एकेका ओळीत एकेक काम. पुढे ते कुठे लिहून ठेवलेलं आहे, कोण घेऊ शकेल, कोणत्या तारखेपर्यंत शिकवून होईल, आणि शिकवून झालं हे कसं ओळखायचं. हा शेवटचा रकाना बहुतेक जण विसरतात आणि मॅनेजर नेमका तोच शोधतो. 'केटी झाली' या दोन शब्दांवर त्याचा विश्वास नसतो, कारण आधीचा एक जण असंच म्हणून गेलेला असतो.

माझ्या शीटमध्ये सव्वीस ओळी होत्या. चोवीस फालतू होत्या, कुणीही केल्या असत्या. पंचविसावी एका जुन्या रिपोर्टची. आणि खरी अडचण पाचव्या ओळीत: महिन्याच्या १ तारखेला पहाटे चालणारा इन्व्हॉइसचा जॉब, म्हणजे ग्राहकांची बिलं आपोआप काढणारा प्रोग्राम. तो मध्येच अडकला की कुठली टेबलं साफ करायची, कुठून पुन्हा सुरू करायचा आणि कुठल्या दोन ग्राहकांचे इन्व्हॉइस हाताने सोडायचे, हे फक्त मला माहीत होतं. चार वर्षांत ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. पेपर टाकण्याआधीच्या एका शनिवारी बसून मी ते स्क्रीनशॉटसह लिहून काढलं. तुमच्याही कामात अशी एक 'पाचवी ओळ' असतेच. ती लपवू नका. तिच्यामुळे आपण अडवून धरू शकतो असं वाटतं, पण उलट तिच्यामुळेच ते आपल्याला अडवून धरतात.

पाचवं: मॅनेजरशी बोलणं

आधी समोरासमोर बोला, मग पोर्टल. मॅनेजरला राजीनामा आधी सिस्टिमच्या मेलमधून कळला तर तो पुढचे तीन महिने करारावर बोट ठेवून बसतो. सोमवारची सकाळ आणि शुक्रवारची संध्याकाळ टाळा.

माझं बोलणं साधारण असं झालं. १ जुलैची दुपार होती, जॉब त्या पहाटे नीट चालला होता, साहेब खुशीत होते.

'सर, दहा मिनिटं आहेत का? जरा एकटं बोलायचं होतं.'

'पेपर टाकतोयस ना?'

'हो सर. पोर्टलवर अजून टाकलेला नाही. आधी तुमच्या कानावर घालायचं होतं.'

'नोटीस नव्वद आहे. माहितीय ना?'

'माहितीय सर. मला १४ ऑगस्टला मोकळं व्हायचंय. त्याआधी काय काय व्हायला हवं ते लिहून आणलंय. एकदा बघता का?'

त्यांनी लॅपटॉप आपल्याकडे वळवला आणि बराच वेळ खाली-वर करत बसले. काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. अशा वेळी गप्प बसणं जमलं पाहिजे. आपण बोलायला लागलो की कारणं द्यायला लागतो: आईची तब्येत, घराचं कर्ज, नवी कंपनी मागे लागलीय. मग चर्चा कामावरून आपल्या घरात शिरते.

'इन्व्हॉइसचा कोण बघणार?'

'पाचवी ओळ सर. तिथे आपल्या टीममधल्या मुलीचं नाव आहे. १ ऑगस्टचा रन ती करेल, मी नुसता शेजारी बसेन.'

'एका रनवर काय कळतं? १ सप्टेंबरचा तिने एकटीने केलेला मला बघायचाय.'

१ सप्टेंबर मला परवडणारा नव्हता. नव्या कंपनीत २४ ऑगस्टला रुजू व्हायचं मी मनाशी धरलं होतं. म्हणजे मागताना मी आठवडाभर राखून मागितलं होतं, आणि हे तुम्हीही करा. मी म्हणालो, 'जुलैचाच डेटा टेस्टवर घेऊन मी तिथे जॉब मुद्दाम पाडतो. १७ ऑगस्टला तिने तो एकटीने उभा करून दाखवला तर चालेल का?' साहेबांनी थोडा विचार केला. '२१ धर. त्या दिवसापर्यंत तिने करून दाखवलं तर सोडतो.'

पोर्टल राजीनाम्याचा दिवस धरून मोजत होतं. त्या हिशोबाने १ जुलै ते २१ ऑगस्ट हे बावन्न दिवस होतात. सगळी नोटीस भरली असती तर २८ सप्टेंबर आला असता. तो पहिला दिवस काही कंपन्या धरतात, काही धरत नाहीत. एका दिवसाचा फरक पडतो, एचआरला विचारून घ्या.

बोलणी झाली त्याच संध्याकाळी मेल टाका. मेल इंग्रजीतच जाईल, पण मजकूर पाच ओळींपलीकडे नको: आज राजीनामा देत आहे; करारानुसार नोटीस नव्वद दिवसांची; आपल्या बोलण्यानुसार २१ ऑगस्ट हा शेवटचा दिवस असावा ही विनंती; शिल्लक रजा नोटिशीत वळती करावी; हँडओव्हरची शीट सोबत जोडली आहे. एचआरला प्रत. मग पोर्टलवर राजीनामा भरताना 'अपेक्षित शेवटचा दिवस' या रकान्यात तीच तारीख घाला. तो रकाना रिकामा सोडलात तर सिस्टिम आपोआप नव्वदावा दिवस टाकते आणि नंतर तो बदलायला तीन जणांची मंजुरी लागते.

'नाही' म्हणाले तर

पहिल्या बैठकीत 'नाही' ऐकणं अगदी नेहमीचं आहे. तिथे वाद घालू नका. 'ठीक आहे सर, शीटप्रमाणे काम सुरू करतो, तीन आठवड्यांनी परत बोलू' म्हणा आणि खरंच सुरू करा. तीन आठवड्यांनी निम्म्या ओळी हिरव्या झालेल्या दिसल्या की तोच माणूस वेगळं बोलतो. तेव्हाही नाही म्हणाला तर सगळ्याऐवजी थोडं मागा: पंचेचाळीस नको, साठ द्या. रजा वळती करा, उरलेल्या दिवसांचे पैसे भरतो म्हणा. त्याच्या वरच्या साहेबाकडे जायचंच असेल तर त्याला सांगून जा, पाठीमागून नको.

दोन गोष्टी मात्र करू नका. 'सोडलं नाहीत तर काम करणार नाही' अशी धमकी, आणि एक दिवस लॅपटॉप टेबलावर ठेवून नाहीसं होणं. दुसऱ्याला अॅबस्कॉन्ड म्हणतात. त्याची नोंद होते, रिलीव्हिंग लेटर (कंपनीने रीतसर सोडल्याचं पत्र) अडकतं आणि पुढच्या बॅकग्राउंड तपासणीत ते समोर येतं. एका परिचिताची नवी नोकरी जॉइन झाल्यावर चौथ्या महिन्यात अशीच गेली.

आणि पगारवाढीचं आमिष आलं तर? घ्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण नोटीस कमी करण्याच्या बोलण्यात ते मिसळू देऊ नका. 'विचार करतो' म्हणालात की तुमचे दहा दिवस गेले.

कायदा कुठवर साथ देतो

थोडक्यात सांगतो, कारण या प्रकरणात कोर्टापर्यंत जाणं परवडत नाही. तुम्हाला जबरदस्तीने कामावर ठेवता येत नाही. व्यक्तिगत सेवेचा करार कोर्ट सक्तीने पाळायला लावत नाही, हे १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ कायद्यातलं तत्त्व आहे. पण भरपाई मागता येते. करारात रक्कम ठरलेली असेल तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ नुसार त्या रकमेपर्यंत वाजवी भरपाई मिळू शकते. आणि कोर्ट नेहमी कर्मचाऱ्याच्याच बाजूने असतं असंही समजू नका. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांआधी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. बॉन्डवर (ठरावीक वर्षं न थांबल्यास पैसे भरण्याच्या करारावर) सही केली असेल तर नोटीस आणि बॉन्ड हे दोन वेगळे हिशोब आहेत हे ध्यानात ठेवा.

खासगी शाळांतल्या शिक्षकांचा मामला निराळा. त्यांना महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी कायदा, १९७७ लागू होतो. राजीनामा दोन प्रतींत, सही आणि तारखेसह, आणि एक प्रत रजिस्टर पोस्टाने संस्थेला, अशी त्यात रीत घालून दिलेली आहे. मॅनेजरशी बोलण्याचा वरचा सल्ला तिथे मुख्याध्यापकांपुरताच कामाचा.

तारीख ठरल्यावर

ठरलेली तारीख एचआरच्या मेलवर आल्याशिवाय नव्या कंपनीला कळवू नका. मॅनेजरने 'सोडतो' म्हणणं आणि सिस्टिममध्ये तारीख बदलणं यांत आठवडा जातो, कधी दोन.

ग्रॅच्युइटी (दीर्घ सेवेबद्दल नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) मिळायला लागणाऱ्या पाच वर्षांच्या आसपास असाल तर तारीख मागे ओढण्याआधी कॅलेंडर काढा. पंधरा दिवस लवकर सुटण्याच्या नादात पाच वर्षं अपुरी राहिली तर लाखभराचा फटका बसू शकतो. हिशोब सोपा आहे: शेवटचं मासिक वेतन, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. ४०,००० वेतनावर पाच वर्षांचे १,१५,३८५ रुपये होतात.

फुल अँड फायनलचा, म्हणजे शेवटच्या हिशोबाचा, कागद आला की ओळ न् ओळ बघा. नोटिशीच्या कपातीवर १८ टक्के जीएसटी लावलेला आढळला तर लगेच हरकत घ्या. ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रक क्रमांक १७८ मध्ये अप्रत्यक्ष कर मंडळाने अशा वसुलीवर जीएसटी लागत नाही असं स्पष्ट केलेलं आहे. कपात दिवसांच्या बरोबर आहे का, वळती केलेली रजा पकडली आहे का, शेवटच्या महिन्याचा पगार थांबवलेला नाही ना, हेही बघा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत वेतन द्यायला सांगितलं आहे. कंपन्यांची जुनी सवय महिना-दीड महिन्याची आहे, तेव्हा आठवण करून देणारा मेल तयार ठेवा.

लॅपटॉप, आयकार्ड, पार्किंगचा स्टिकर जमा केल्याची पोच घ्या. रिलीव्हिंग लेटरवरची तारीख मेलमधल्या तारखेशी जुळते का ते तिथल्या तिथे पाहा. नंतर पीएफच्या पोर्टलवर जाऊन जुन्या कंपनीने बाहेर पडल्याची तारीख भरली का ते तपासा. भरली नसेल तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः भरू शकता. ती भरताना मात्र शेवटचा दिवसच घाला. नव्या कंपनीच्या जॉइनिंगनंतरची तारीख चुकून पडली तर दोन नोकऱ्या एकाच वेळी केल्यासारखं दिसतं, आणि ते निस्तरायला नोटिशीपेक्षा जास्त दिवस लागतात.